गेज चोख आहे

३ मार्च

धाकट्या,

रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. डब्यावरची किंमत माझ्या दोन दिवसांच्या कमाईइतकी. पण खरं किती पडलं ते ऐक. यंत्र उघडून त्याचं गेज आपल्या मास्टर गेजवर, ज्याच्याशी बाकी सगळी गेजं ताडून बघतो त्यावर, लावून बघण्यात अर्धा दिवस गेला. उघडताना रबरी फुगा फाटला, तो नवा शोधण्यात उरलेला अर्धा. 'आणल्याआणल्या फोडलंत' म्हणून तुझ्या वहिनीनं दोन वेळचं बोलणं बंद ठेवलं. ताटातलं मीठ गेलं, चहाबरोबरचे खारे दाणे गेले, आणि सगळ्यात शेवटी हे पत्र, जे मी मरेपर्यंत लिहिणार नव्हतो. एवढं सगळं धरलं तर इतकं महाग गेज आपल्या वर्कशॉपात आजवर आलेलं नाही.

पत्राचं कारण साधं आहे, भलता अर्थ काढू नकोस. डॉक्टरबाईंनी एक फॉर्म भरायला दिला. आई, वडील, सख्खी भावंडं, कोणाला रक्तदाब, किती, कधीपासून. बाबांचं लिहिलं: असणारच, पण कोणी मोजला नाही; बॉयलरसमोरच्या स्टुलावर बसल्याबसल्या गेले, वय छप्पन्न. आईचं लिहिलं: नव्हता, आम्हा दोघांना वाढवूनही नव्हता. भावंडांच्या रकान्यात पेन अडलं. बाई म्हणाल्या, "भाऊ-बहीण कोणी नाही का?"

"एक भाऊ आहे."

"मग लिहा की."

"आहे, पण चालू नाही."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "किती वर्षं बंद आहे?"

"नऊ."

"चालू करून आकडा आणा," म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

फोन केला नाही, त्यालाही कारण आहे. फोन केला तर तू उचलणार नाहीस, आणि उचललास तर मी ओरडेन. ओरडायला सध्या बंदी आहे.

मी गेलो होतो सर्दीसाठी. सर्दीच. बाईंनी सवयीनं दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसवलं आणि दुसऱ्या दंडाला बांधला. वरचा एकशे ब्याऐंशी, खालचा एकशे चार. "डोकं दुखतं का? चक्कर? धडधड?" नाही, नाही, नाही. "मग तुम्हाला होतं काय?" मी म्हणालो, "मला काही होत नाही, माझ्यामुळे दुसऱ्यांना होतं." सिस्टर हसल्या. बाई हसल्या नाहीत. माझ्या मुलीच्या वयाच्या, पण हसू कुठे खर्च करायचं ते ठरलेलं. म्हणाल्या, "काका, या आजाराचं हेच तर आहे. दुखत नाही, खुपत नाही. पंधरा-वीस वर्षं आत बसून हृदय, मूत्रपिंड, डोळे, मेंदू सगळीकडे हळूहळू नासधूस करतो, आणि माणूस सांगत फिरतो की मला काही होत नाही." एक गोळी लिहून दिली. रोज.

आता आयुष्यभर लोकांची गेजं तपासणारा माणूस दुसऱ्याच्या गेजवर विश्वास ठेवील का? म्हणून यंत्र आणलं. बटणाचं नाही, जुन्या पद्धतीचं: पट्टा, हातानं दाबायचा फुगा, काट्याची डायल आणि कानात घालायच्या नळ्या. पट्टा फुगवून हात आवळायचा, मग हवा हळूहळू सोडायची. पहिली ठकठक ऐकू येते तो वरचा आकडा, ठकठक थांबते तो खालचा. म्हणजे अर्धं काम गेजचं, अर्धं कानाचं. गेज मी मास्टरवर तपासलं, चोख आहे, एका रेषेचा फरक नाही. कानाचं तुला मी काय सांगणार! बॉयलरखोलीत झाडू मारणाऱ्या पोराला याच कानानं वर्कशॉपाचा मालक केलं. दारातून आत न येता मी सांगतो, कोणत्या पाइपात हवा गळतेय. सगळ्या शहराच्या गळत्या मी काढतो, आणि माझ्या स्वतःच्या छपराखाली एक गळती कोणी दाखवली तर मिशी उतरवून त्याच्या हातात देईन.

तर आकडा कळव. वरचा, खालचा, कधीपासून. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

फॉर्मपुरता तुझा,
थोरला

२१ मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. हातभर कार्ड आणि त्यावर लिहिलंस काय, '१३४/८६'. ना नमस्कार, ना सही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल असं मी म्हणालो होतो, पण माझं ऐकायला तू आत्ताच कुठून शिकलास? तुझ्या वहिनीनं ते कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलंय. रोज दाढी करताना मला तुझा रक्तदाब दिसतो.

मला तू हरवलंस असं समजू नकोस. माझा आज सकाळचा वरचा १३८. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कानानं.

आणि गोळीचं म्हणशील तर मी पद्धत बसवलीय. बॉयलरच्या डायलवर लाल पट्टी असते ना, तशी मी या डायलवर दीडशेच्या पुढे लाल रंगानं ओढून घेतली. काटा लाल पट्टीत गेला की गोळी. खाली आला की बंद. सेफ्टी व्हॉल्व्ह जसा गरज असेल तेव्हाच उघडतो, तसं. अठरा दिवसांत दोन गोळ्या लागल्या. महिन्याची चळत मला वर्षभर पुरणार. बाईंना हे अजून सांगितलं नाही, एकदम वर्षाचा हिशेबच दाखवीन.

गल्लीत आपली कीर्ती झालीय. संध्याकाळी वर्कशॉपाबाहेर स्टूल टाकतो आणि येईल त्याचा दंड बांधतो. शेजारचा शिंपी, तो टेप गळ्यात घालूनच झोपणारा, त्याला त्याच्या डॉक्टरांनी एकशे साठ सांगून घाबरवला होता. मी मोजला: एकशे बत्तीस. त्याला म्हटलं, "डॉक्टरचं गेज तपासलेलं आहे का? माझं चोख आहे." त्यानं तिथल्यातिथे माझ्या पँटची चेन फुकट बदलून दिली.

लाँड्रीचा विषय मी काढत नाही. तुझ्या कार्डावरही तो नाही, म्हणजे तूही काढत नाहीस. दोघांनीही काढलेला नाही म्हटल्यावर एकदा बोलून टाकायला हरकत नाही. लाँड्रीच्या बॉयलरचं काम करताना तू म्हणालास, "दादा, व्हॉल्व्ह फुसफुसतोय." मी स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हला आणि मूठ कानाला लावून ऐकलं. चिडीचूप. लाँड्रीवाल्यासमोर मी म्हणालो, "याच्या कानात बोळे आहेत." ते म्हणायला नको होतं, मान्य. पण तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उडाला, गंजाच्या पाण्यानं चारशे पांढऱ्या चादरी तांबड्या झाल्या, नशीब की तिथे कोणी उभं नव्हतं. मी म्हणालो, नट तू नीट आवळला नव्हतास. आणि तू एक अक्षर न बोलता पेटी उचललीस आणि गेलास. भांडला असतास तर निदान मिटलं तरी असतं. गप्प माणसाशी भांडण कसं मिटवायचं?

बघ, एवढं लिहिलं आणि कान गरम झाले. लगेच मोजतो.

मोजला. १४२. पट्टीच्या खालीच आहे.

थोरला

९ एप्रिल

धाकट्या,

दुसरं कार्ड मिळालं. '१३२/८४. गोळी रोज सकाळी सात. सहा वर्षं.'

सहा वर्षं! तू सहा वर्षं गोळ्या खातोयस आणि मला हे कार्डावरून कळतंय. तुझ्या वहिनीला म्हटलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मला माहीत होतं. धाकट्या जावेशी दर महिन्याला बोलते मी." म्हणजे नऊ वर्षं या घरात तुझी खबर येत होती आणि माझ्यापर्यंत पोचत नव्हती. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्ही विचारलंत का?" मोजला नाही. त्या वेळी मोजण्यात अर्थ नव्हता.

काल बाईंकडे महिन्याची फेरी होती. सिस्टरनं मोजला: एकशे शहात्तर, शंभर. मी शांतपणे माझी वही काढली. पाच आठवड्यांचे आकडे, शाईनं, रकाने आखून. बाईंनी वही दोनदा वाचली. म्हणाल्या, "घरी एकशे अडतीस आणि इथे एकशे शहात्तर. काही लोकांचा दवाखान्यात जास्त येतो खरा." मी म्हणालो, "पांढरा कोट बघून माझं काही वाढत नाही. तुमचं गेज एकदा माझ्याकडे पाठवा, फुकट तपासून देतो."

मग मी पद्धत सांगितली. लाल पट्टी, व्हॉल्व्ह, वर्षभराची चळत. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, एखाद्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह रोज उघडायला लागला, तर तुम्ही काय कराल?"

"रोज? आग कमी करीन आधी. व्हॉल्व्हचं ते काम नाही, तो वेळप्रसंगाला असतो."

"मग मी दिलीय ती आग कमी करायची गोळी आहे. व्हॉल्व्ह नाही. काटा खाली आला म्हणून तुम्ही ती बंद करता, आणि काटा खाली असतो तो गोळी घेतली म्हणून."

धाकट्या, तोंडात मारल्यासारखं झालं. माझ्याच धंद्यातलं, माझ्याच भाषेत, आणि फी मी भरलेली.

आगीत सरपण कोण घालतंय याचीही चौकशी झाली. बाबांकडून आलेलं आहेच, त्याला इलाज नाही. वजन आहे. रात्रीचं घोरणं आहे, ते तुझ्या वहिनीनं स्वतः येऊन सांगितलं, आवाजासकट. मी म्हणालो, "मीठ तर पार सोडलंय." बाई म्हणाल्या, "आणि पित्तासाठी काही घेता का?" ते फसफसणारं चूर्ण घेतो ना मी पाण्यात टाकून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. बाईंनी पाकीट मागवलं आणि मागची बारीक अक्षरं मला वाचायला लावली. ताटातून जेवढं मीठ मी काढलं होतं, जवळजवळ तेवढं तीन पेल्यांतून परत पीत होतो. गुडघ्यासाठीच्या त्या लाल गोळ्या, त्याही दाब वाढवतात. म्हणजे मीठ सोडलं तेव्हापासून तुझी वहिनी आणि मी जे पुठ्ठ्यासारखं जेवण जेवतोय, ते निव्वळ शिक्षा म्हणून.

चूर्ण बंद. लाल गोळ्या बंद. रोज अर्धा तास चालणं सुरू, सध्या वर्कशॉपातल्या टेबलाभोवती, कारण रस्त्यावर भेटेल तो दंड पुढे करतो. पण रोजच्या गोळीचं मला अजून पटलेलं नाही. आग असेल तर कमी करायची. माझ्या कानानं एकशे अडतीस आहे, तर कमी काय करायचं?

थोरला

२८ एप्रिल

धाकट्या,

तिसरं कार्ड. या वेळी आकडाही नाही. 'दुसऱ्याच्या कानानं मोज.'

नऊ वर्षांनी तू माझ्याशी तीन शब्द बोललास, आणि ते हे. कार्ड आरशात खोचायला मी तुझ्या वहिनीला मनाई केली. तिनं खोचलं.

तुला खोटं पाडायचं म्हणूनच मी यंत्र काखेत मारलं आणि दवाखान्यात गेलो. हे मोकळेपणानं सांगतो. बरं वाटावं म्हणून नाही, तुला खोटं पाडायला.

तिथल्या सिस्टर तीस वर्षं नोकरीत, नव्या पोरींना शिकवतात. त्यांच्याकडे शिकवण्यापुरती एक खास नळी आहे: खाली चकती एकच, वर कानांच्या जोड्या दोन. दोघांनी एकच आवाज एकाच वेळी ऐकायचा. मला म्हणाल्या, "ठक ऐकू आलं की बोट वर करा. मीही करते. कोणी बोलायचं नाही." गेज माझं. डायलकडे बघायला बाई.

पट्टा फुगला, काटा दोनशे दहावर गेला. हवा सुटायला लागली. एकशे अठ्ठ्याहत्तरला सिस्टरांचं बोट वर. मी वाट बघतोय. एकशे सत्तर. एकशे साठ. सिस्टरांचं बोट तसंच वर, जणू वर्गात उत्तर येतंय. एकशे अडतीसला माझ्या कानात पहिलं ठक आलं आणि मी बोट वर केलं.

"परत," मी म्हणालो.

परत. एकशे शहात्तर आणि एकशे चाळीस.

"माझं बोट जरा आळशी आहे," मी म्हणालो.

सिस्टर म्हणाल्या, "काका, दंड तुमचा, गेज तुमचं. मधले चाळीस मी कुठून आणले असते?"

बाईंनी स्वतः नळी लावून बघितलं. एकशे शहात्तर. खोलीत कोणी काही बोललं नाही. धाकट्या, ती शांतता तेवढी मला नीट ऐकू आली.

गेज चोखच आहे. पावणेदोन महिने मी गेज तपासत होतो. कान तपासायचं मला सुचलंच नाही, कारण मास्टर कान म्हणजे मीच, असा माझा समज.

आता दुसरं. बाईंना काल सांगितलं, तुला आज सांगतो. फेब्रुवारीत मी सर्दीसाठी गेलो नव्हतो. सकाळी वर्कशॉपात पाना उचलायला डावा हात पुढे केला आणि तो हात माझा नव्हता. वीस मिनिटं. बोटं दिसत होती, हलत नव्हती. तुझ्या वहिनीला हाक मारायला गेलो तर जीभ जड. मग सगळं परत जागेवर आलं, आणि मी स्टुलावर बसून ठरवलं की हात अवघडला होता. बाबांच्या हातातून कप पडला होता, ते जायच्या आधीच्या आठवड्यात, आठवतं? डावाच हात. आपण दोघं हसलो होतो.

 त्यावर बाई जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. शिव्या नव्हत्या, पण शिव्या असत्या तर बरं वाटलं असतं. लगेच डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. थोडक्यात वाचलो आहे असं म्हणाल्या. पुढच्या वेळी वीस मिनिटांनी परत येईलच असं नाही. गोळ्या आता दोन आहेत, शिवाय रक्त पातळ ठेवायची एक वेगळी. रोज, सकाळी सात. सातच का, ते तुझ्या कार्डावरून घेतलं.

तिथून आलो तो थेट शिंप्याकडे. म्हटलं, "मी सांगितलेला आकडा चुकला. डॉक्टरांचा खरा." तो म्हणाला, "पण गेज चोख आहे म्हणाला होतात." "गेज चोखच आहे." "मग?" "मग काय, कान गेलाय." त्याची बायको आतून बाहेर आली आणि तिनं जे सुनावलं ते मला एकही अक्षर न गाळता ऐकू आलं, म्हणजे कान अगदीच गेलेला नाही. मग उरलेली गल्ली. अकरा दारं. प्रत्येक दारात तेच वाक्य. सातव्या दारापर्यंत जीभ चांगली सरावली होती. आठव्या दारातली म्हातारी म्हणाली, "बाबा रे, मी तर तेव्हाच डॉक्टरकडे जाऊन आले. तुझ्याकडे आले होते ते गप्पा मारायला."

स्टूल आत घेतलंय. शिंप्यानं चेनचे पैसे मागितले.

बाईंनी कानाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीय.

थोरला

१६ मे

धाकट्या,

कानाच्या तपासणीसाठी एक छोटी खोली असते, भिंतींना जाड गाद्या लावलेली. आत खुर्ची, कानांवर ठेवायची झाकणं, हातात एक बटण. काचेपलीकडे एक मुलगी बसते. तिनं सांगितलं, "आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक आला तरी दाबा."

सुरुवातीला आवाज आले, घुमणारे, जाडेभरडे. दाबत गेलो. मग थांबले. मी बटणावर अंगठा ठेवून सावध बसलो. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मला वाटलं, तिचं यंत्र बिघडलं. तपासून देऊ का, असं विचारायचं ठरवत होतो. तेवढ्यात दार उघडून ती आत आली.

मी म्हणालो, "सुरू करा की, मी तयार आहे."

ती म्हणाली, "काका, संपली."

तिनं कागद दाखवला. त्यावर दोन रेघा, जिन्यावरून गडगडत खाली आल्यासारख्या. जाड आवाज निम्मे, बारीक आवाज जवळजवळ नाहीतच. विचारलं, काम काय करता? कंप्रेसर, पंप, ग्राइंडर, पस्तीस वर्षं, कानात कधी काही घातलं नाही. म्हणाली, "असे कान एका दिवसात जात नाहीत. बारीक, सुसकारणारे आवाज सगळ्यात आधी जातात. तुमचे जायला लागून सहज दहा-बारा वर्षं झाली असतील. माणसाला पत्ता लागत नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलंय हे कळणार कसं?"

दुखत नाही, खुपत नाही. हे मी दुसऱ्यांदा ऐकत होतो.

दहा-बारा वर्षं. घरी येऊन मी कागदावर वजाबाकी केली नाही. मनातच झाली.

थोरला

२३ मे

धाकट्या,

कानातली यंत्रं आली. दोन, दाण्याएवढी, कानामागे बसतात. सकाळपासून घातलीत. जग फार बडबडं आहे, कोणी सांगितलं नव्हतं. माझी चप्पल बोलते. नळ बंद केल्यावरही थोडा वेळ बोलतो. तुझी वहिनी वर्तमानपत्र ओठातल्या ओठात वाचते, हे मला लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर कळलं. आणि ती अधूनमधून मला उद्देशून जे म्हणते, तेही कळलं. काही उत्तरं द्यायची राहिली आहेत, पण सध्या शांत राहायचं आहे.

आकडा: १४४/८८. सिस्टरांच्या कानानं. सव्वीस दिवस सकाळी सातची गोळी चुकलेली नाही. अजून खाली यायला हवा असं बाई म्हणतात. कालच्या फेरीला त्या पहिल्यांदा हसल्या, अर्ध्या.

तुला लाँड्रीचं सांगायचं आहे. खरं तर आधीच्या सगळ्या पत्रांत हेच सांगायचं होतं आणि मी रक्तदाब सांगत बसलो. व्हॉल्व्ह उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटा तिथे गेलो होतो. तुटलेला तुकडा उचलून बघितला. नट घट्ट होता. तू आवळला होतास तसाच, पाना लावून हलत नव्हता. व्हॉल्व्हची बैठक, म्हणजे झाकण टेकतं ती जागा, झिजली होती, तिथून वाफ सुसकारत असणार, कित्येक दिवस. मी तो तुकडा खिशात घालून आणला आणि कोणाला दाखवला नाही. अजून माझ्या खणात आहे, खाऱ्या दाण्यांच्या डब्यामागे. म्हणजे नऊ वर्षं मला हे माहीत होतं की तू चुकला नव्हतास. मी चुकलो कसा, एवढंच माहीत नव्हतं; कारण ऐकलं तर मी मन लावून होतं. ते आता कळलं. पण माहीत असून बोललो नाही, त्याला कानाचा दोष नाही.

लाँड्रीवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "कोणत्या चादरी?" त्याच्या लक्षातही नाही. आपल्या दोघांच्याच आहे.

आता आजची गोष्ट. चहा पिऊन खाली वर्कशॉपात गेलो. दार उघडलं आणि आत साप असावा असा आवाज. सुस्स, एकसारखा. कानातलं यंत्र बिघडलं असं वाटून काढलं, आवाज बंद. घातलं, सुरू. दोन-तीनदा काढून-घालून बघितलं. मग आवाजामागे गेलो, पंपांच्या रांगेतून, टेबलाखालून. थेट आपल्या मोठ्या कंप्रेसरपाशी. साबणाचा फेस करून व्हॉल्व्हवर लावला. साबणाला कान लागत नाहीत. लिंबाएवढा फुगा आला.

तुझ्या वहिनीला हाक मारली. ती जिन्यातूनच म्हणाली, "काय झालं?"

"हा आवाज ऐकू येतो का तुला?"

"कुठला? हा होय? हा नेहमीचाच."

"नेहमीचा म्हणजे? सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, माझ्यापेक्षा तुझे कान जास्त का? मग मीही त्याची सवय करून घेतली, तुमच्यासारखीच."

तर ये. पेटी घेऊन ये. व्हॉल्व्ह काढून नवा बसवायचा आहे, आणि बसवल्यावर गळतो की नाही हे ऐकायला खात्रीचा कान हवा. मी पाना धरीन, डाव्या हातानं, तो चांगला चालतो. सकाळी सातला दोघं एकदम गोळी घेऊ. तुझ्या वहिनीनं जेवण पुठ्ठ्यापेक्षा बरं करायचं कबूल केलंय. मिशी मी आज सकाळी उतरवली; तुझ्या हातात द्यायची म्हणून पुडीत बांधून ठेवलीय, कारण छप्पर माझं नसलं तरी लाँड्रीत त्या दिवशी गळती पहिल्यांदा तूच दाखवली होतीस.

आला नाहीस तरी कार्ड पाठव. नुसता आकडा चालेल.

कंप्रेसर अजून सुसकारतोय. तुझी वहिनी म्हणते, दहा वर्षं झाली.

तुझा,
दादा